रानच्या लेकरांस रान कोणी शिकवावे?

दूरच्या मुलखातील गरीब शाळांत स्वखुशीने जाऊन तेथील मुलांस झाडे, पाणी व पशुपक्षी यांविषयी शिकवावे, अशी चाल गेल्या काही दशकांत जगभर पुष्कळ वाढली आहे. अमेरिकेतील तरुण आफ्रिकेतल्या खेड्यात जातो, इंग्लंडातील तरुणी नेपाळच्या डोंगरात जाते, आणि पुण्यामुंबईचे विद्यार्थी आमच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या रानात येतात. पुण्याहून भामरागडास येणाऱ्यास देश बदलावा लागत नाही हे खरे. तरी भाषा, अन्न, हवा व रीतिभाती यांच्या मानाने पाहता तो परदेशीच आला म्हणावयाचा. आपल्या मंडळ्यांतील शिकलेसवरलेले तरुणही ह्या कामास निघू शकतील, व काहींनी निघावे अशी आमची इच्छा आहे. म्हणून ह्या पाठात आपण ह्या सेवेचा शांतपणे विचार करू.

आमचा मुद्दा आम्ही आरंभीच सांगून ठेवितो. रानातील मुलास रान शिकविण्यास जो जातो, त्याने आपल्या झोळीतील ज्ञान तेथे ओतावयाचे नसते. त्या मुलाच्या घरी जे ज्ञान आहे त्यास शाळेत मान मिळवून द्यावयाचा, आणि त्यात जे उणे असेल तेवढेच नम्रपणे भरून काढावयाचे, एवढेच त्याचे काम. हे ज्यास पटले नाही, त्याने घरीच राहिलेले बरे.

१. ह्या सेवेची गरज कशी उत्पन्न झाली

सन १९९१ च्या नोव्हेंबर महिन्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की, पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीने शिकविला जावा. त्यापूर्वीही प्राथमिक वर्गांस परिसराचा विषय होताच, आणि पुढे तर त्याची पुस्तके नेमाने होत आली. ह्याप्रमाणे कायदा झाला व पुस्तकही झाले. परंतु पुस्तक उघडून मुलांस बाहेर नेणारा मनुष्य कोठून आणावयाचा, हा प्रश्न राहिलाच.

चंद्रपूर जिल्ह्यातून सन १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा काढण्यात आला. ह्या नव्या जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनभूमी म्हणून नोंदलेला आहे. येथे वस्त्या लहान व विखुरलेल्या आहेत. एकाच शिक्षकाने दोन-तीन इयत्ता एका खोलीत सांभाळाव्या, हे दृश्य नवे नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा मार्ग वारंवार बंद पडत आला आहे. अशा ठिकाणचे गुरुजी हजेरी, पोषण आहार, शासनास पाठवावयाचे तक्ते आणि वाचनलेखन यांतच गुंतून जातात. ते आळशी आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांस हात कमी पडतात. म्हणून मदतीस कोणी आला तर तो हवाच आहे.

परंतु गरजेचे दुसरे एक कारण आहे, व ते अधिक खोल आहे. रानातील पुष्कळ मुले सहाव्या-सातव्या वर्षीच आश्रमशाळेत राहावयास जातात. त्यामुळे त्यांस दोन वेळचे अन्न व अक्षरओळख मिळते, हा लाभ लहान नव्हे. तथापि ज्या वयात मूल आईच्या मागे टोपली घेऊन मोह वेचावयास जाते, बापाबरोबर वेळू तोडावयास जाते, आजीकडून कोणते कंद उकडून खावयाचे व कोणते वर्ज्य मानावयाचे हे शिकते, त्याच वयात ते मूल भिंतीआड बसते. मोहाचा हंगाम मार्च-एप्रिलात येतो, आणि शाळेच्या वार्षिक परीक्षांची धांदलही त्याच सुमारास असते. ह्याप्रमाणे शाळा मुलास रानापासून तोडते, आणि मग त्याच शाळेत कोणी पाहुणा येऊन फळ्यावर झाडाचे चित्र काढून रान परत देऊ पाहतो. ही विसंगती ज्याच्या ध्यानात आली, त्यास आपले काम अर्धे समजले.

२. पूर्वी गेलेल्या एकाची गोष्ट

सन १९३२ च्या आरंभी पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातील दोन मित्र मंडला जिल्ह्यातील करंजिया नावाच्या गोंड खेड्यात जाऊन राहिले. एक इंग्रज, व्हेरियर एल्विन. दुसरे मराठी ख्रिस्ती गृहस्थ, शामराव हिवाळे. त्या काळी मंडला व आमचा चांदा हे दोन्ही जिल्हे मध्यप्रांतात मोडत. मैकल डोंगरातील त्या गावी त्यांनी शाळा व दवाखाना काढला, आणि गोंड सेवा मंडळ स्थापिले. एल्विन यांचे नाव पुढे मोठे झाले. त्यांनी पुरोहितपद सोडिले, आदिवासी लोकांविषयी अनेक ग्रंथ लिहिले, सन १९५४ साली भारताचे नागरिकत्व घेतले, व सन १९६४ साली ते वारले. शामरावांचे नाव मात्र आज आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल. एल्विन ईशान्येकडे गेल्यावरही शामराव मध्य भारतातच राहिले.

ह्या दोघांच्या कामातील एक गोष्ट आमच्या विषयास फार उपयोगी आहे. ते गेले होते शिकवावयास. परंतु थोड्याच वर्षांत त्यांच्या वह्या गोंडांच्या गीतांनी भरून गेल्या. ती गीते त्यांनी इंग्रजीत आणून दोघांच्या नावे प्रसिद्ध केली, आणि शामरावांनी वरच्या नर्मदा खोऱ्यातील परधान लोकांविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो सन १९४६ साली निघाला. परधान हे गोंडांचे वंशगायक होत. ज्यांस जग अडाणी म्हणत होते, त्यांच्या मुखी एवढे भांडार आहे हे त्यांस दिसले, कारण ते तेथे राहिले. आठ दिवसांच्या पाहुण्यास ते दिसले नसते.

अमेरिकेत सन १९६१ साली पीस कोअर नावाची सरकारी योजना निघाली. तिचे स्वयंसेवक भारतातही सन १९६१ पासून १९७६ पर्यंत येत असत. ह्या योजनेचा एक नियम अनुकरणीय आहे. स्वयंसेवकाची नेमणूक साधारणपणे सत्तावीस महिन्यांची असते, आणि त्यांतील पहिले सुमारे तीन महिने त्याने शिकवावयाचे नसते. स्थानिक भाषा व चालीरीती शिकावयाच्या असतात. ज्या राष्ट्राजवळ पैशाची व विद्येची वाण नाही, त्यासही हे तीन महिने सोडून देता आले नाहीत. मग पंधरा दिवसांची रजा काढून एटापल्लीस येणाऱ्याने आपल्या कामाचे मोजमाप किती लहान ठेवावे, हे सांगावयास नको.

३. गाव स्वतः अभ्यास करू शकते

कोणी म्हणेल, घरच्या अनुभवाला ज्ञान म्हणणे हा केवळ गोड बोलण्याचा प्रकार आहे. त्यास आम्ही आमच्याच दोन जिल्ह्यांतील दोन गावे दाखवितो.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड लोकांचे लहानसे गाव. तेथे देवाजी तोफा व गावकरी यांच्याबरोबर मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले कार्यकर्ते दीर्घकाळ काम करीत होते. त्यांनी गावास व्याख्याने देण्याऐवजी अभ्यासगट बसविले. एक प्रश्न घ्यावा, सर्वांनी मिळून माहिती जमवावी, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने व्हावा, अशी रीत पडली. मधाची पोळी जाळून माश्या मारण्याऐवजी त्यांस न मारता मध कसा काढावा, हाही तेथे अभ्यासाचा विषय झाला. वनहक्काचा कायदा सन २००६ साली झाला. सन २००९ साली ह्या गावास सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि सन २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला.

दुसरे गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव. ह्या गावास सन २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. तेंदूपान हा उन्हाळ्यातील रोख पैशाचा मोठा आधार. परंतु पानांसाठी झुडपे छाटली जातात, आगी लावल्या जातात व तेंदूचे फळ खावयास मिळत नाही, असा विचार करून गावाने तेंदूपान विकणेच बंद केले, व बांबूवर आपला संसार उभा केला. पैसा पुढे असता हात आवरणे सोपे नाही. हा निश्चय त्यांस कोणा शहरी पाहुण्याने शिकविला नाही. आपले रान आपले आहे ही खात्री झाल्यावर तो त्यांच्याच सभेत झाला.

ह्यातून सेवकाने बोध घ्यावा तो असा. ज्याच्या हाती रानाचा हक्क नाही, त्यास रान राखण्याचा उपदेश करणे म्हणजे दुसऱ्याच्या शेताची राखण फुकट करावयास सांगणे होय. म्हणून मुलांस झाडांची नावे सांगताना वनहक्क व ग्रामसभा ह्या गोष्टीही त्यांच्या वयास समजतील अशा सांगितल्या पाहिजेत. गावाच्या सीमेचा नकाशा मुलांकडून काढविणे हा ह्याचा उत्तम आरंभ होय. सुरजागडच्या डोंगरातील लोहखनिज, चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणी, यांविषयी मुलाने विचारले तर विषय टाळू नये. त्यापासून कोणास काय मिळते व कोणाचे काय जाते, हे दोन्ही बाजूंनी मांडावे आणि मुलास विचार करू द्यावा.

आफ्रिकेतील केनिया देशात वांगारी माथाई नामक विदुषीने सन १९७७ साली झाडे लावण्याची चळवळ सुरू केली, व तिजबद्दल सन २००४ साली त्यांस नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. त्यांची मुख्य भिस्त खेड्यातील साध्या स्त्रियांवर होती. शेतीची कामे करणाऱ्या ह्या स्त्रियांनीच बी जमवून रोपे वाढविली. विद्वत्ता माथाईंजवळ भरपूर होती. परंतु हात व अनुभव गावाचा होता. मेंढ्याची व केनियाची भाषा निराळी असली तरी वाट एकच दिसते.

४. तीन नमुन्याचे पाठ

आता कोणी शाळेत गेलाच तर काय शिकवावे? नमुन्यादाखल आम्ही तीन पाठ देतो. ह्यांस साहित्य जवळजवळ काहीच लागत नाही.

पहिला पाठ मोहाचा. मोहाची फुले रात्री व पहाटे गळतात. वटवाघळे त्यांवर येतात व त्यांच्या योगाने परागांची देवघेव होते. खाली पडलेली फुले अस्वल व हरिण खातात, आणि उरलेली माणूस वेचतो. फूल वाळवून खाता येते, बियांचे तेल निघते. गडचिरोली जिल्ह्यात सन १९९३ पासून दारूबंदी आहे, व मोह म्हटला की दारू एवढेच पुष्कळांच्या मनात येते. म्हणून हे फूल आधी अन्न आहे, हे मुलांच्या तोंडूनच वदवावे. त्यांनी घरी आजीस विचारून यावे की, दुष्काळाच्या दिवसांत मोहाचे काय काय करीत असत. मग ताजी फुले तोलावी, वाळल्यावर पुन्हा तोलावी, व वजनात किती घट झाली ह्याचे गणित मांडावे.

नंतर खरा प्रश्न यावा. फुले नीट दिसावी म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, व ती आग कित्येकदा रानात पसरते. कोणती रोपे मरतात? चारोळी, साग, तेंदू यांची नवी पोरे राहतात काय? मुलांनी जळालेल्या व न जळालेल्या झाडांखालच्या जागा पावसाळ्यात पाहाव्या आणि रोपे मोजावी. पाठासाठी म्हणून आग मात्र कधीही लावू नये. पाचोळा झाडून काढला, किंवा जुनी लुगडी वा जाळी अंथरली तर काम भागते काय, हे गावातील एखाद्या बाईने करून पाहिले तर शंभर व्याख्यानांचे काम होईल.

दुसरा पाठ वाघाचा. हा जिवाचा प्रश्न आहे, म्हणून येथे विशेष सावधगिरी पाहिजे. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान सन १९५५ साली झाले, आणि आज चंद्रपूर जिल्ह्यात वाघांची संख्या मोठी आहे, त्यांतील पुष्कळ उद्यानाच्या सीमेबाहेर वावरतात. सन २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. ज्या वर्गात अशा घरातील मूल बसले आहे, त्या वर्गात वाघ वाचवा असा घोष करावयास लावणे हे निर्दयपणाचे आहे. उलट वाघ हा राक्षस आहे असे सांगणेही खोटे आहे.

ह्या पाठात आधी मुलांचे ऐकावे. मग सांगावे की वाघ बहुधा मागून व दबा धरून येतो. खाली वाकलेला किंवा बसलेला मनुष्य त्यास चतुष्पाद जनावरासारखा भासू शकतो. मोह वेचणे व तेंदू तोडणे ही दोन्ही कामे वाकूनच करावी लागतात, म्हणून धोका तेव्हाच अधिक. यासाठी उजाडण्यापूर्वी व दिवस मावळताना रानात जाऊ नये, एकट्याने जाऊ नये, आपसांत बोलत राहावे, आणि काही जण वेचीत असता कोणी एक उभे राहून चहूकडे पाहत राहावे. ताज्या खुणा दिसल्या किंवा माकडे व हरणे भयाने ओरडू लागली तर परत फिरावे. गुरे मारली गेल्यास किंवा माणसास इजा झाल्यास वनखात्यास त्वरित कळवावे, कारण पंचनाम्यावाचून भरपाई मिळत नाही. एवढे शिकून एका मुलाने आपल्या आईस पहाटे एकटे जाऊ दिले नाही, तर तो पाठ सफळ झाला. वाघ रानात का हवा, हरणे व रानडुकरे यांचा त्याशी काय संबंध, हे ज्ञान त्यानंतर सांगावे; भ्यालेल्या मनात ते शिरत नाही.

तिसरा पाठ तलावाचा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया ह्या जिल्ह्यांत जुने तलाव व बोड्या हजारोंनी आहेत. त्यांतील पुष्कळ गोंड राजांच्या अमदानीत कोहळी लोकांनी बांधिले. पुढे ते मालगुजारांकडे होते, व स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेल्यावर ते सरकारजमा झाले. म्हणून त्यांस माजी मालगुजारी तलाव, अथवा थोडक्यात मामा तलाव, म्हणतात. धन्याची निगा गेली, गाळ भरला, आणि बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापिले. मुलांनी तलावाभोवती फिरून पाणी कोठून येते, कोठून जाते, किती बांधींस पोहोचते, हे पाहावे. म्हाताऱ्यांस विचारून पूर्वी कोणते मासे होते व आज कोणते आहेत याची यादी करावी. भंडारा-गोंदियाकडील ढिवर समाजाच्या स्त्रियांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, कारण माशांस खाणे व आसरा त्यांतच मिळतो. ही हकीकत मुलांस सांगावी, व आपल्या तलावाचे काय करता येईल हे ग्रामसभेपुढे मांडण्यासाठी त्यांच्याकडूनच एक कागद लिहवून घ्यावा.

५. भाषेचा प्रश्न

भामरागड, एटापल्ली, धानोरा इकडील पुष्कळ मुले घरी माडिया किंवा गोंडी बोलतात. शाळेची मराठी त्यांस परकी असते. जे मूल वर्गात मुके बसते, तेच रानात नेले असता वीस पाखरांची नावे घडाघडा सांगते. फक्त ती नावे आपणांस समजत नाहीत. तेव्हा मुके कोण ठरले? धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने सन २०१९ साली गोंडी भाषेतून शिकविणारी शाळा काढली, यावरून ही वेदना किती खरी आहे हे दिसते. हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी सन १९७३ च्या डिसेंबरात लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, व तेथे सन १९७६ साली शाळा निघाली. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांसही प्रथम माडिया भाषा शिकावी लागली. त्यावाचून रोग्याचे दुखणेसुद्धा कळत नव्हते.

सेवकाने एवढे तरी करावे. एक कोरी वही घ्यावी व मुलांच्या हातून तीत प्रत्येक झाडाचे, पाखराचे व किड्याचे नाव आधी त्यांच्या भाषेत, मग मराठीत लिहवावे. शेजारी त्याचा उपयोग व त्याच्या ऋतूची नोंद करावी. ही वही शाळेतच राहावी, सेवकाने घरी नेऊ नये. डॉक्टर राणी बंग यांनी गडचिरोलीच्या स्त्रियांना वृक्षांविषयी काय ठाऊक आहे हे ऐकून घेऊन ‘गोईण’ नावाचे पुस्तक लिहिले. गोईण म्हणजे जिवाची मैत्रीण. डॉक्टरीण बाईंनी खेड्यातील बायांपुढे शिष्य होऊन बसावे, ह्याहून चांगला कित्ता कोणता सांगावा?

६. सेवकाने पाळावयाच्या मर्यादा

पहिली मर्यादा परवानगीची. मुख्याध्यापकांची व शिक्षण खात्याची संमती घेतल्यावाचून शाळेत पाऊल टाकू नये. गावच्या भूमियास अथवा पाटलास व ग्रामसभेस आधी भेटावे. मुलांस रानात नेताना गावातील दोन जाणती माणसे, एक पुरुष व एक बाई, बरोबर असलीच पाहिजेत. मुलांबरोबर एकांती राहू नये. पालकांना विचारल्यावाचून मुलांची छायाचित्रे काढू व पसरवू नयेत.

दुसरी मर्यादा आपल्या वाचकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देण्यास आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने मनाई केली आहे. म्हणून जो कॅटेकिस्ट किंवा मंडळीचा तरुण झाडे शिकवावयास जाईल, त्याने झाडेच शिकवावी. आडून दुसरे काही शिकविणे हा कायद्याचा भंग तर होयच. शिवाय ज्या गुरुजींनी विश्वासाने दार उघडिले त्यांच्याशी तो अप्रामाणिकपणा होय. तसेच गोंड व माडिया लोक कुळपरत्वे काही प्राणी व वृक्ष पूज्य मानतात, आणि रानाचा काही भाग देवाचा म्हणून राखितात. त्याची थट्टा करू नये, व विचारल्यावाचून तेथे मुलांस नेऊ नये. त्या राखलेल्या जागी कुऱ्हाड चालली नाही, म्हणून आज तेथे जुनी झाडे उभी आहेत, हे सत्य कोणत्याही धर्माच्या मनुष्यास दिसण्यासारखे आहे.

तिसरी मर्यादा देणग्यांची. खेळणी, मिठाई व कपडे वाटणारा पाहुणा मुलांस प्रिय होतो, परंतु त्याच्या मागून येणाऱ्याच्या हाताकडे मुले पाहू लागतात. द्यावयाचेच तर शाळेस भिंग, तराजू, दोरी, वह्या व पावसाचे माप द्यावे, आणि तेही गुरुजींच्या हवाली करावे.

चौथी मर्यादा काळाची. ज्यास एक महिनाच देता येतो, त्याने पाच वर्षे त्याच शाळेत तोच महिना द्यावा. पाच शाळांत पाच महिने देऊ नयेत. मूल नावाने ओळखणारा पाहुणा व मूल मोजणारा पाहुणा, यांत फार अंतर आहे. आपल्या मुलखात अशा सेवेची शिस्त नवी नाही. बाबा आमटे यांनी मूल तालुक्यातील सोमनाथ येथे तरुणांच्या श्रमशिबिरांची प्रथा पाडली, आणि बंग दांपत्याने सन २००६ साली ‘निर्माण’ नावाचा तरुणांचा अभ्यासक्रम सुरू केला. दोन्ही ठिकाणी आधी स्वतःस शिकवून घेणे आहे, मग दुसऱ्यास मदत करणे आहे.

७. मागे काय उरते

सेवक निघून गेल्यावर सहा महिन्यांनी त्या शाळेत काय चालले आहे, हीच त्याच्या कामाची कसोटी. भिंतीवरील रंगीत चित्रे पहिल्या पावसाळ्यात फिकी पडतात. परंतु गुरुजी स्वतः मुलांस आठवड्यातून एकदा तलावावर नेत असतील, गावातील एखादी आजी शाळेत येऊन कंदमुळांची ओळख करून देत असेल, मुलांची वही दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी पुढे चालविली असेल, तर सेवकाची आठवण नाहीशी झाली तरी हरकत नाही; किंबहुना तेच उत्तम. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक पाठ गुरुजींच्या व गावातील एका माणसाच्या जोडीने द्यावा, व अखेरचे पाठ त्यांनी द्यावे आणि सेवकाने मागे बसून ऐकावे.

वाचकहो, रानाजवळच्या मंडळ्यांत राहणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याचे आहे असे समजू नये. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी अद्याप मोहाची टोपली खुंटीस टांगलेली आहे, आणि तुमच्या म्हाताऱ्यांस जे ठाऊक आहे ते कोणत्याही पुस्तकात नाही. पुण्यामुंबईच्या तरुणास जे शिकावयास वर्ष लागते, ते तुम्हांस बाळपणीच मिळाले. गावच्या शाळेच्या दारी जाऊन गुरुजींस एवढेच म्हणा की, महिन्यातून एक सकाळ आम्ही देऊ. आरंभास तेवढे पुरे आहे.

मननासाठी व चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावच्या शाळेतील मुलांस रानातील कोणत्या गोष्टी घरी शिकावयास मिळतात, व कोणत्या आता मिळत नाहीत? त्याचे कारण काय?

२. पाचगावाने तेंदूपानाचा पैसा सोडिला. आपल्या गावी असा प्रश्न आल्यास ग्रामसभेत आपण कोणते मत देऊ?

३. मोह व तेंदूच्या हंगामात आपल्या गावातील स्त्रिया रानात कशा जातात? त्यांच्या जिवाच्या रक्षणासाठी ह्याच वर्षी कोणती एक गोष्ट बदलता येईल?

४. आपल्या मंडळीतील कोणा एका वृद्ध स्त्रीचे अथवा पुरुषाचे रानाविषयीचे ज्ञान शाळेतील मुलांपर्यंत कसे पोहोचविता येईल? त्यांस तेथे घेऊन कोण जाईल?